प्रस्थानापूर्वीचा परदेश : आनंदीबाई जोशी यांच्या सेरामपूरच्या भाषणाचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

मराठी प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना आपण साधारणतः प्रवास घडून गेल्यानंतरचे लेखन समोर ठेवतो. लेखकाने काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले, परक्या संस्कृतीशी झालेल्या भेटीतून त्याची आत्मप्रतिमा कशी बदलली, या प्रश्नांभोवती आपली चर्चा फिरते. परंतु दीर्घ मुदतीसाठी परदेशी निघालेला मनुष्य निघण्यापूर्वीच त्या वास्तव्याची एक संहिता मनाशी रचीत असतो. तेथे आपले कसे निभेल, आपण किती बदलू, परतल्यावर आपली माणसे आपल्याला कसे वागवतील, यांविषयीच्या अपेक्षा, भये आणि निश्चय यांची ती संहिता असते. बहुतेकांच्या बाबतीत ती निरोपाच्या बोलण्यातच विरून जाते. क्वचित ती शब्दबद्ध होऊन शिल्लक राहते, आणि तेव्हाही पुढे जे प्रत्यक्ष घडले त्याच्या उजेडातच वाचली जाते.

अशा शिल्लक राहिलेल्या संहितांमध्ये आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात केलेले भाषण विशेष महत्त्वाचे आहे. ते इंग्रजीत झाले. कॅरोलाइन हीली डॅल यांनी लिहिलेल्या आणि १८८८ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या चरित्रात त्याचा पाठ उपलब्ध आहे. मराठी वाचकाला आनंदीबाई परिचित आहेत त्या काशीबाई कानिटकर यांच्या चरित्रातून, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीतून आणि अलीकडे त्याच नावाच्या २०१९ मधील चित्रपटातून. या साऱ्या परिचयात भाषणाला स्थान मिळते ते धैर्याचा पुरावा म्हणून, किंवा पुढील शोकान्तिकेची पार्श्वभूमी म्हणून. परदेशातील वास्तव्याची आगाऊ केलेली कल्पना या दृष्टीने ते वाचले तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. सहा प्रश्न आणि त्यांचे स्वामित्व

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे भाषणाच्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पूर्ण होण्यास महिन्याभराहून थोडा अधिक अवधी होता. पती गोपाळराव टपाल खात्यातील नोकरीनिमित्त सेरामपुरास होते. आपल्या अमेरिकेस जाण्याविषयी लोक शेकडो प्रश्न विचारतात, त्यांतील काहींची उत्तरे देण्यासाठी आपण उभ्या आहोत, अशी भूमिका त्यांनी आरंभी घेतली आणि सहा प्रश्न निवडले. अमेरिकेस का जावयाचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीनेच का जावयाचे? परतल्यावर जातीबाहेर टाकले जाणार नाही काय? काही संकट ओढवले तर काय करणार? आणि कोणा स्त्रीने जे केले नाही ते आपणच का करावे?

या सहा प्रश्नांतील एकही प्रश्न अमेरिकेविषयी नाही, ही गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. तेथील लोक कसे आहेत, हवामान कसे आहे, शिक्षणक्रम किती वर्षांचा आहे, खाण्यापिण्याची व्यवस्था काय, हे कोणी विचारलेले दिसत नाही. निदान त्यांनी ते उत्तरासाठी निवडले नाही. पहिले तीन प्रश्न प्रस्थानाच्या समर्थनाचे आहेत, चौथा पुनरागमनाचा, पाचवा दैवाचा आणि सहावा व्यक्ती व समाज यांच्या संबंधाचा. परदेशातील वास्तव्य हा वरवर पाहता भाषणाचा विषय आहे. पण त्या वास्तव्याची जागा भाषणाच्या मध्यभागी जवळजवळ रिकामीच राहिली आहे.

याचे कारण अमेरिकेविषयीचे अज्ञान, असे म्हणता येणार नाही. न्यूजर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. गोपाळरावांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणाविषयी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले, ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यातून हा संबंध जुळला. दोन्ही समाजांच्या चालीरीती आणि धर्मकल्पना यांविषयी त्या दोघी एकमेकींना लिहीत होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. तेव्हा अमेरिकेतील घराचे काही एक चित्र त्यांच्या मनात असणारच. ते पत्रांत आहे, भाषणात नाही. पत्र जाणार होते तिकडच्या माणसाला. भाषण होते मागे राहणाऱ्यांसाठी. प्रस्थानापूर्वीची कल्पना श्रोत्यानुसार आकार घेते, आणि मागे राहणाऱ्या श्रोत्याला परदेशाच्या वर्णनापेक्षा जाणाऱ्याच्या वर्तनाची हमी हवी असते.

३. परका प्रदेश कोणता?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात भाषण एक अनपेक्षित वळण घेते. हिंदुस्थानातील वैद्यकीय शिक्षणाची सोय अपुरी आहे, मद्रासेस एक वर्ग आहे आणि इतरत्र सुइणीच्या कामाचे शिक्षण मिळते, पण ते सदोष आहे, असे सांगून झाल्यावर आनंदीबाई आपल्याच देशातील रस्त्यांकडे वळतात. आपण ख्रिस्ती नाही, ब्राह्मोही नाही. हिंदू स्त्री म्हणून राहून, पायांत जोडे घालून, पुस्तके घेऊन रस्त्याने जाणे किती कठीण आहे, हे त्या सांगतात. मुंबईस आणि बंगालमध्ये लोक थांबून पाहतात, हसतात, ही कोण, कोणत्या जातीची, असे विचारतात, याचे त्यांनी केलेले वर्णन हा या भाषणातील सर्वांत चित्रमय भाग आहे.

परदेशात परक्या माणसाला जे अनुभव येतात असे आपण मानतो, ते सर्व येथे आहेत: रोखलेल्या नजरा, अनोळखी भाषेतील शेरे, पोषाखावरून होणारी पारख. मात्र ते घडतात कलकत्त्याच्या आणि सेरामपूरच्या रस्त्यांवर. परकेपणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच होता, आणि पुढील वास्तव्याची कल्पना करण्यास त्यांनी जे साहित्य वापरले ते तेथूनच आले. दूरदेशाचे चित्र मनुष्य आपल्या सर्वांत निकटच्या परकेपणावरून रेखाटतो, असे सामान्य विधान यावरून करता येईल. पुण्याहून निघालेल्या पुढील पिढ्यांच्या लेखनातही हे तपासून पाहण्याजोगे आहे: खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याची परदेशाची कल्पना आणि सदाशिव पेठेत वाढलेल्याची कल्पना यांत जे अंतर पडते, त्याचे मूळ बहुधा येथे सापडेल.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात याच अनुभवाचा उपयोग त्या युक्तिवादासाठी करतात. जातीबाहेर टाकण्याची भीती आपल्याला मुळीच वाटत नाही, कारण तेथेही आपण येथल्याप्रमाणेच राहणार आहोत. आचार, अन्न, वस्त्र यांत बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू, असे त्या सांगतात. मग त्या उलट विचारतात, बहिष्कार घालावयाचाच असेल तर आताच का घालीत नाही? जेथे एकही महाराष्ट्रीय कुटुंब नाही अशा ठिकाणी मी राहते. येथे मी आचार पाळते की नाही हे पाहावयास तरी कोण आहे? या तर्काची धार लक्षात घेतली पाहिजे. समाजाचे भय समुद्राच्या ठिकाणी एक रेषा ओढते आणि अलीकडचे सर्व शुद्ध मानते. आनंदीबाई दाखवून देतात की, आचार पाळणाऱ्याला पाहणारा डोळा जेथे संपतो तेथेच परदेश सुरू होतो, आणि तो बंगालमध्येच सुरू झाला आहे.

४. निषेधाची परंपरा

ही रेषा किती जुनी होती, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयानाची गणना पतनीय कर्मांत केलेली आहे आणि पुढील निबंधकारांनी समुद्रयात्रा केलेल्या द्विजाचा स्वीकार कलिवर्ज्यांत घातला. पेशवाईतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. राघोबादादांच्या वतीने इंग्लंडला पाठविलेला हणमंतराव हा ब्राह्मण वकील १७८१ च्या सुमारास तेथे जाऊन आला. परतल्यावर त्याला प्रायश्चित्त घेऊन शुद्ध व्हावे लागले. म्हणजे प्रवास अशक्य नव्हता, पुनरागमन अवघड होते. निषेधाचे सर्व वजन परतण्याच्या क्षणावर पडलेले होते. म्हणूनच प्रस्थानापूर्वीच्या मराठी कल्पनेत परतीचा प्रसंग सर्वांत ठळक दिसावा, यात नवल नाही.

५. संकल्प आणि भाकीत

आता भाषणाच्या स्वरूपाकडे वळू. चौथ्या उत्तराच्या शेवटी आनंदीबाई एक सूचक विधान करतात. जे कदाचित कधी घडणारच नाही, आणि घडेल तेव्हा आपल्या सर्व तर्कांपलीकडचे असेल, त्याचा विचार आता सोडून देऊ, असा त्याचा आशय आहे. पुढे, अपयशाच्या किंवा दुःखाच्या भीतीने कर्तव्यापासून मागे सरणे न्याय्य नाही, असेही त्या म्हणतात. भविष्याविषयी बोलण्यासाठी बोलावलेल्या सभेत वक्ता भविष्याविषयी तर्क करण्याचे नाकारतो, आणि त्याच वेळी स्वतःच्या वर्तनाविषयी मात्र निःशंक विधाने करतो. हे विसंगत वाटेल, पण तसे नाही.

आपल्या परंपरेत या प्रकारच्या उक्तीला एक नेमके नाव आहे, ते म्हणजे संकल्प. कोणत्याही कर्माच्या आरंभी कर्ता देशकालाचा उच्चार करतो, स्वतःचे नाव व गोत्र सांगतो, हेतू सांगतो आणि अमुक कर्म करीन असे म्हणून उदक सोडतो. संकल्पात पुढे काय घडेल हे सांगितलेले नसते. कर्ता काय करील हे सांगितलेले असते. भाकीत खरे किंवा खोटे ठरते. संकल्प पाळला किंवा मोडला जातो. सेरामपूरच्या भाषणात मी कोण, कोठून बोलते, कशासाठी जाते आणि कशी राहीन, हे चारही घटक स्पष्ट आहेत. त्याला भाकीत समजून वाचणे म्हणजे त्याचा प्रकारच चुकविणे होय.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. आनंदीबाईंविषयीचे बरेचसे लेखन भाषण आणि पुढील घटना यांना समोरासमोर ठेवून दैवाचा उपहास दाखविते. त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या क्षयाने खंगलेल्या स्थितीत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरचे काम सुरू होऊ शकले नाही. या घटनाक्रमापुढे भाषण ठेवले की ते एका भाबड्या मुलीचे अपुरे भाकीत वाटू लागते.

संकल्प म्हणून पाहिले तर हिशेब निराळा येतो. आचार, अन्न आणि वस्त्र यांविषयीचा शब्द त्यांनी मोठ्या प्रमाणात पाळला. शाकाहार सोडला नाही, धर्म सोडला नाही, साडी सोडली नाही. थंडीमुळे नेसण्याच्या पद्धतीत तेवढा बदल केला. जी भीती श्रोत्यांनी बोलून दाखविली होती ती खरी ठरली नाही: परतल्यावर त्यांना बहिष्कार नव्हे, तर मुंबईत आणि पुण्यात आदर मिळाला. आणि जे प्रत्यक्ष ओढवले ते श्रोत्यांच्या सहा प्रश्नांत नीट विचारलेच गेले नव्हते. शरीर हा विषय भाषणात जवळजवळ नाही. संकटाविषयीचा पाचवा प्रश्न त्याच्या सर्वांत जवळ जातो, पण तेथेही उत्तर नीतीच्या पातळीवर राहते. थंडीत, अपुऱ्या आहारात, अभ्यासाच्या ताणात या देहाचे काय होईल, हे ना कोणी विचारले, ना कोणी सांगितले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता कामा नये. अन्न व वस्त्र यांत बदल न करण्याचा संकल्प आणि प्रकृतीची हानी यांचा संबंध होता काय? क्षयाचे कारण जंतू आहे. नुसत्या थंडीने किंवा शाकाहाराने तो होत नाही, आणि त्या काळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. तेव्हा संकल्पामुळे मृत्यू आला असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. परंतु अशक्त शरीर रोगाला लवकर बळी पडते, हेही खरे. समाजाने मागितलेली हमी ही आचाराची होती, जिवाची नव्हती. आणि ती हमी देणाऱ्या स्त्रीला ती पाळण्याची किंमत आपल्या शरीरातून द्यावी लागली असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. या भाषणातील करुणा असलीच तर ती दैवाच्या उपहासात नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी काय विचारले नाही, यात आहे.

६. रमाबाईंची तुलना

या विवेचनाची कसोटी म्हणून पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेता येईल. त्याच एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. पुण्यात १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली होती आणि स्वतः वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार होता. हेतू एकच, महिना एकच, मागे राहणारा समाजही मोठ्या अंशी एकच. पण त्यांच्या बाबतीत सेरामपूरच्या भाषणासारखी प्रस्थानापूर्वीची सविस्तर संहिता समोर येत नाही. 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचे लेखन वाँटेज येथे पोहोचल्यानंतर पत्ररूपाने सिद्ध झाले. निर्णयाची हकिगत तेथे आली तरी ती घडून गेलेल्या गोष्टीचे निवेदन म्हणून येते. संकल्पाची भाषा तेथे नाही.

पुढे जे घडले ते कोणत्याही पूर्वकल्पनेला ओलांडून गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य उभे केले. १८८९ मध्ये परतून त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. रमाबाई ज्या हेतूने गेल्या त्याहून वेगळे कार्य घेऊन परतल्या. आनंदीबाई ज्या हेतूने गेल्या तोच पुरा करून परतल्या, पण कार्य करावयास उरल्या नाहीत. पुण्यातील समाजाने एकीचा गौरव केला आणि दुसरीवर दीर्घकाळ रोष धरला. या दोन प्रतिक्रियांमागे जाणारीने आपण बदलणार नाही असा शब्द दिला व पाळला की नाही, हा निकष किती प्रभावी होता, हे दिसून येते. परदेशातील वास्तव्य सफल झाले की विफल, याचा निर्णय तेथे काय मिळविले यावरून होत नव्हता. येथे काय शाबूत आणले यावरून होत होता.

या निकषाचा दुबळेपणा लवकरच पुण्यात उघड झाला, आणि तो उघड करणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून गोपाळराव जोशीच होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेत जमलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांची नावे गोपाळरावांनी 'पुणे वैभव' मधून प्रसिद्धीस दिली, आणि टिळक, रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. अमेरिकेत पावणेचार वर्षांच्या आत शिकून परतलेल्या स्त्रीला जो बहिष्कार सोसावा लागला नाही, तो पुण्याच्या पेठेत चहाच्या पेल्याने ओढवला. आचाराला पाहणारा डोळा जेथे संपतो तेथे परदेश सुरू होतो, हा सेरामपूरचा युक्तिवाद पुण्यात जणू प्रयोगाने सिद्ध झाला.

७. पुढील अभ्यासाची दिशा

प्रस्थानापूर्वीची संहिता पुढील मराठी लेखनात रूपे बदलत राहिली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) मध्ये निघण्याच्या तयारीला आणि सल्लागारांच्या गर्दीला विस्तृत जागा मिळाली आहे. सेरामपुरात ज्या प्रश्नांना गंभीर उत्तरे द्यावी लागत होती, तेच प्रश्न पाऊणशे वर्षांनंतर विनोदाचे साहित्य झाले. कारण दरम्यान पुनरागमन निर्धास्त झाले होते. जेथे बहिष्काराचे भय उरले नाही तेथे संकल्पाची गरज उरली नाही, आणि परदेशाची कल्पना कुतूहलाला मोकळी झाली.

आज पुण्यातील विद्यार्थी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करताना उद्देशपत्र लिहितो, आणि व्हिसासाठी अधिकाऱ्यासमोर उभा राहतो. अमेरिकेच्या विद्यार्थी-व्हिसासाठी शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा पटवून द्यावा लागतो. म्हणजे परत याल ना, हा प्रश्न अजून आहे. तो विचारणारा मात्र बदलला आहे. पूर्वी तो ज्ञाती विचारीत असे, आता परके सरकार विचारते. घरातील मंडळीही तो विचारतात, पण बहुधा शब्दांत नाही. या उद्देशपत्रांकडे, निरोपसमारंभांतील भाषणांकडे, निघण्यापूर्वीच्या पत्रांकडे वाङ्मयीन संहिता म्हणून पाहण्यास हरकत नसावी. तशी पाहताना तीन प्रश्न उपयोगी पडतील: ही कल्पना कोणाला उद्देशून केली आहे? ती तर्क करते की शब्द देते? आणि तिच्यात कोणता विषय मुळीच येत नाही?

सेरामपूरच्या भाषणाविषयी या तीन प्रश्नांची उत्तरे अशी मिळतात. ते मागे राहणाऱ्यांना उद्देशून आहे. ते शब्द देते, तर्क करीत नाही. आणि त्यात बोलणारीचे शरीर नाही. प्रस्थानापूर्वीची कल्पना पुढे खरी ठरली की नाही, एवढेच पाहणारा अभ्यासक तिच्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गमावतो. ती परदेशाविषयी फार थोडे सांगते. जो समाज निरोप देत असतो त्याला जाणाऱ्या माणसाकडून काय हवे असते, आणि त्याच्याविषयी काय विचारण्याचे सुचत नाही, हे मात्र ती नेमके सांगते.